वाटेवर सोनेरी जाळं, त्यात तळहाताएवढा कोळी. न मारता हलवायचा कसा?

परसदार:
मदत हवी आहे. राजापूरजवळच्या घरामागे, आंबा आणि फणस यांच्यामध्ये, पाणंदीकडे जाणाऱ्या वाटेवर तीन-साडेतीन फुटी जाळं आहे. उन्हात धागे चक्क पिवळे दिसतात. मध्ये काळा कोळी, पोट लांबट, त्यावर पिवळे पट्टे. शिवाय सात-आठ बारीक कोळी, काही तांबूस, काही चांदीसारखे चकचकीत. ती पिल्लं का? हा विषारी आहे का? वाट तर रोजची आहे.

आठपायी:
जायंट वुड स्पायडर, शास्त्रीय नाव नेफिला पिलिपेस. दिसतेय ती मादी. पावसाळ्याच्या शेवटी या माद्या पूर्ण वाढलेल्या असतात, म्हणून आत्ताच डोळ्यांत भरतात. नीट बघा, ती जाळ्याच्या बरोबर मध्ये नसेल. वरच्या अंगाला, डोकं खाली करून बसलेली असेल.

बारीक कोळी तिची पिल्लं नव्हेत. तिच्या जवळपास, वरच्या बाजूला असणारे तांबूस ते नर. लांबी जेमतेम पाच-सहा मिलिमीटर. भिंगातून पाहिलं तर तोंडापुढच्या दोन आखूड अवयवांची टोकं फुगीर दिसतात. जाळ्याच्या कडेला लटकलेले चांदीचे थेंब म्हणजे अर्गिरोडिस, दुसऱ्याच जातीचे उपरे. मादीने दुर्लक्षिलेली चिलटं चोरून खातात.

विष असतं, पण ते किड्यांसाठी. अंगावर धावून येत नाही, मुठीत दाबलीत तरच चावेल. चावलीच तर साबणाने धुवा, फडक्यात बर्फ गुंडाळून शेका. सूज वाढत गेली किंवा श्वासाला त्रास झाला तर मात्र थेट डॉक्टरकडे.

रानमाळी:
हलवण्याआधी एक सोपा उपाय करून बघा. जाळ्याचा खालचा भाग वाटेत येत असेल तर तेवढेच खालचे ताण काठीने तोडा, वरचा भाग राहू द्या. ही जात रोज नवं जाळं विणत नाही, आहे त्याचीच डागडुजी करते. त्यामुळे माणसाच्या डोक्यावरून जाळं गेलं की दोघांचंही भागतं.

तरीही हलवायचीच असेल तर सकाळी, वारा पडलेला असताना. चार-पाच फुटी काठी घ्या आणि तिचं मोकळं टोक वर ठेवा. बिथरलेला कोळी वरच्या दिशेला चढतो. टोक खाली धरलंत तर तो सरळ तुमच्या हाताकडे येईल. बहुतेकांची फजिती इथेच होते. टोक मादीच्या मागून जाळ्यात घालून सावकाश गुंडाळा, ती काठीवर येते. मग बाकीचे ताण तोडा. मध्येच धाग्यावरून खाली लोंबली तर घाई करू नका, धागा काठीला चिकटलेलाच असतो. पाय धरून उचलू नका, सहज तुटतो. वीस-पंचवीस फुटांवर, दोन झाडांमध्ये मोकळी फट असेल तिथे, डोक्याच्या उंचीवरच्या फांदीला काठी टेकवा. उतरेल आपणच.

कीटकनाशक फवारू नका. त्याच जाळ्यात बागेतले टोळ अडकतात.

परसदार:
आभार. घरात म्हणतात कातीण अंगावर मुतली की फोड येतात. शेजारच्या मुलाच्या मानेवर कालपासून लाल पट्टा आहे, आग होते. हीच का ती?

आठपायी:
नाही. कोळी असं काही फवारत नाही. त्याची विष्ठा म्हणजे पांढरे ठिपके, भिंतीवर दिसतात तसे. वर्णनावरून पिडेरस किड्याचा संशय घ्या. हा भुंगेऱ्याच्या कुळातला, सात ते दहा मिलिमीटर लांब, अंगावर नारिंगी-काळे पट्टे, मुंगीसारखा दिसतो. पावसाळ्यात रात्री ट्यूबलाइटवर येतो. मानेवर चिरडला की त्यातला पेडेरिन नावाचा दाहक द्रव कातडीला लागतो. चट्टा लगेच नाही, बहुधा दुसऱ्या दिवशी उठतो, म्हणून खरा गुन्हेगार सापडत नाही आणि भिंतीवरची कातीण मार खाते. कोपराच्या घडीत लागला तर समोरासमोर दोन सारखे चट्टे दिसतात.

ती जागा साबण-पाण्याने धुवा, चोळू नका, आणि तोच हात डोळ्याला लावू देऊ नका. उशीचा अभ्रा बदला. मात्र पट्टा एकाच अंगाला असून त्यात घोसाने पाणीदार फोड आले तर नागीणही असू शकते, ती डॉक्टरनेच बघायची.

रानमाळी:
आणि अंगावर तसा किडा दिसला तर फट्कन मारू नका, फुंकर घाला किंवा कागदावर घेऊन झटका. रात्री बिछान्यावरचा दिवा लवकर मालवलात तरी येणं कमी होतं.