शब्दचर्चा : चित्र फाटतं, फुटतं, की सांध्यातून सरकतं?

एका शब्दापायी आईचे साडेपाच हजार रुपये जाता जाता वाचले, म्हणून हा धागा.

माझा जुना लॅपटॉप सध्या आईकडे आहे, नारायण पेठेत. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स, आणि डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-मेन्यूंची मांडणी, एक्सएफसीई नावाची. ती त्यावर कीर्तनं बघते आणि पालखीची रिंगणं. मागच्या महिन्यात तिचा फोन आला, "अगं, माणसं कमरेतून सरकतात." मला वाटलं रिंगणातलंच काही सांगतेय. तर म्हणाली, "पाय पुढे जातात, धड मागे राहतं. लगेच परत जुळतं. घोडा धावायला लागला की फारच." मी ऑफिसात, घाईत. "त्याला स्क्रीन टेअरिंग म्हणतात, स्क्रीन फाटते," असं सांगून मोकळी झाले. तो शब्द पदराला बांधून ती लॅपटॉपसकट तपकीर गल्लीत गेली. दुकानातल्या मुलाने झाकणही उघडलं नाही. "फाटली म्हणजे पॅनेल गेलं, काकू. साडेपाच हजार."

त्याचं तरी काय चुकलं? फाटलं म्हटल्यावर माणूस बदलायचंच बोलणार. नशीब, पैसे देण्याआधी तिने मला विचारलं.

शनिवारी जाऊन पाहिलं. पॅनेल धडधाकट. पॅनेलच गेलं असतं तर रेघ एका जागी ठाण मांडून बसली असती आणि लॅपटॉप चालू करताना कंपनीचं चिन्ह येतं त्यावरही दिसली असती. इथे स्थिर चित्रावर काहीच नाही. कॅमेरा आडवा फिरला की मात्र देवळाचा खांब मध्येच कापल्यासारखा, दोन तुकडे बोटभर मागेपुढे. त्याच क्षणी स्क्रीनशॉट घेतला, तर त्यात खांब सरळसोट! मोबाइलने फोटो काढला तेव्हा कुठे चोर सापडला. स्क्रीनशॉट मेमरीतलं चित्र उचलतो आणि गडबड होते ती मेमरीतून पडद्यावर उतरताना.

होतं ते असं. लॅपटॉपचा पडदा सेकंदाला ६० वेळा, म्हणजे साधारण दर १६.७ मिलिसेकंदांनी, वरून खाली ओळीओळीने नव्याने भरला जातो. आता पोथी डोळ्यांपुढे आणा. पानं सुटी. वाचणारा पानाच्या मध्यावर आलाय आणि शेजारच्याने तेवढ्यात पुढचं पान त्याच्यापुढे सरकवलं. हा बाबा थांबत नाही, नव्या पानाच्या मधल्या ओळीपासून तसाच वाचत सुटतो. पडद्यावर वरचा भाग जुन्या चित्राचा, खालचा नव्याचा. इंग्रजीतही या अदलाबदलीला 'पेज फ्लिप' म्हणजे पान उलटणंच म्हणतात. आणि आईचं 'पाय पुढे, धड मागे' किती नेमकं होतं ते मला तेव्हा कळलं. खालचा भाग नंतरच्या क्षणाचा, म्हणून धावणाऱ्याचे पाय पुढे.

आता शब्दाकडे. फाटणं म्हणजे एकाचे दोन होणं. इथे दोघांचं एक झालंय, तेही बिनजुळतं. फाटत तर काहीच नाही. शिवाय मराठीत फाटण्याच्या वाट्याला आधीच किती कामं आहेत: कापड फाटतं, दूध फाटतं, आभाळ फाटतं, लग्नातल्या स्पीकरचा आवाज फाटतो, आणि 'माझी फाटली' हे कॉलेजातलं वेगळंच. तेव्हा याला काय म्हणावं? 'चित्रविदारण'सारखे शब्द कृपया नकोत. आईला फोनवर सांगता आला पाहिजे.

फ्लेक्सवाला

'फुटणे' सुचवायला कुणी येईल म्हणून आधीच सांगतो, तो शब्द आमचा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो दहा बाय वीसच्या फ्लेक्सवर ताणला की फुटतो. वाढदिवस दादांचा आणि चेहऱ्याचे ठोकळे. गिऱ्हाईकाला "फोटो फुटेल, मूळ फाइल पाठवा" एवढं म्हटलं की त्याला समजतं, एकालाही उलगडून सांगावं लागत नाही. पावसात डिशचं चित्र फुटतं तेही तसंच, ठोकळे ठोकळे. तुमच्या आईच्या घोड्याचे ठोकळे होत नाहीयेत.

टाचणी

मी 'उसवणे' म्हणेन. फाटताना कापड कुठूनही जातं, उसवताना शिवणीतूनच जातं. तुमची रेघही सरळ आडवी, शिवणीसारखी आहे.

धागाकर्ती

टाचणी, शब्द गोड आहे, पण उसवलं की मध्ये फट पडते. इथे फट नाही. दोन्ही तुकडे एकमेकांना घट्ट चिकटलेले आहेत, फक्त नको तिथे.

टाचणी

मग तुमचं दुखणं उसवण्याचं नाही, चौकडीचं आहे. चौकड्यांच्या कापडाचा शर्ट शिवताना खिशावरची चौकट खालच्या चौकटीवर बसली पाहिजे. घाईत बेतलं की खिसा मजबूत शिवलेला असतो पण रेघा अर्धा इंच इकडे तिकडे. गिऱ्हाईक म्हणतं, "चौकडी जुळली नाही." शर्ट फाटलाय असं कुणी म्हणत नाही! फक्त हे एका शब्दात कसं बसवायचं ते मला सुचत नाही.

दोन बोटं मराठी

कशाला एवढा घोळ? टेअरिंग म्हणा. टेबल म्हणतो, तिकीट म्हणतो, तसं टेअरिंग.

धागाकर्ती

म्हणायला हरकत नाही, मीही ऑफिसात तेच म्हणते. पण टेबल कुणी मनातल्या मनात भाषांतरित करत नाही. टेअरिंगचं लगेच 'फाटणं' होतं. मीच केलं की.

छतावरची अँटेना

जुन्या टीव्हीची आठवण आली. गच्चीवरच्या अँटेनाचं तोंड सिंहगडाकडे करायचं, सिंहगडावर मनोरा होता म्हणून. तेव्हा दोषांना आमच्याकडे चोख नावं होती. सिग्नल नसेल तर 'मुंग्या'. चित्र वरवर किंवा खाली सरकत राहिलं तर 'चित्र पळतंय'. मग कुणीतरी मागे हात घालून 'व्ही होल्ड'चं बटण हळूहळू फिरवायचं आणि बाकीचे पुढून ओरडायचे, "थांब थांब, गेलं पुन्हा!" ही नावं कुणा समितीने दिलेली नव्हती. दिसायचं तसं म्हणायचं, एवढंच.

तुमच्या दुखण्याचा उपाय ज्याला 'व्हीसिंक' म्हणतात, त्यातला 'व्ही' आणि माझ्या 'व्ही होल्ड'मधला 'व्ही' एकच. व्हर्टिकल, म्हणजे उभा. लोक विचारतात, रेघ आडवी तर उपाय उभा कसा? आपल्याकडच्या टीव्हीचं एक चित्र ६२५ ओळींचं, सेकंदाला २५ चित्रं. पडद्यावर चित्र रेखणारा किरण एक ओळ संपवून डावीकडे परत यायचा, आणि तळाला पोचला की पुन्हा वरच्या कोपऱ्यात उडी घ्यायचा. ही दुसरी उडी म्हणजे उभी उडी, आणि त्या वेळात पडद्यावर काही उमटत नसे. किरण गेला, पण तेवढी रिकामी फट आजच्या सपाट पडद्यांच्या सिग्नलमध्येही राहिलीय. पान बदलायचं ते या फटीत बदला, इतकंच व्हीसिंक सांगतं.

घोरपडीकर

हे वाचून राहवलं नाही. नोकरी रेल्वेत झाली, यार्डात. तुम्ही जे वर्णन केलंय ते आमच्याकडे घडलं तर चौकशी बसते.

गाडी चाललीय. निम्मे डबे सांध्यावरून पुढे गेलेत. तेवढ्यात खाली सांधा बदलला, तर पुढचे डबे एका रुळावर आणि मागचे दुसऱ्या. गाडी एकच, तोंडं दोन दिशांना. म्हणून गाडी सांध्यावर असेपर्यंत सांधा हलताच कामा नये अशी सोय असते. रुळातून वीज सोडलेली असते, त्याला ट्रॅक सर्किट म्हणतात. चाकं त्यावर आहेत तोवर सांध्याला कुलूप. शेवटचा डबा पार झाला की मगच सांधा मोकळा. तुमचं व्हीसिंक हेच करतं की.

तेव्हा माझा शब्द: 'सांधा चुकणे'. चित्राचा सांधा चुकला. खरं सांगायचं तर ड्युटीवर आम्ही 'पॉइंट'च म्हणायचो, 'सांधा' बोलायला घरी. पण 'सांधे बदलणे' सगळ्यांना माहीत आहे.

धागाकर्ती

घोरपडीकर, नमस्कार घ्या! दोष आणि उपाय एकाच घरातले झाले: 'सांधा चुकतो' आणि 'सांध्याला कुलूप'. शिवाय सांधा म्हणजे जोडही. म्हणजे टाचणींची न जुळलेली चौकडीही त्यात आली.

अडखळलेला

एक विचारतो. माझ्याकडे सिनेमा बघताना रेघबिघ नाही, पण कॅमेरा फिरला की चित्र धक्के देत जातं. हाही सांधा चुकणंच का?

छतावरची अँटेना

नाही, हे 'अडखळणं'. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, पडदा ६० वेळा भरणारा. ६० ला २४ ने भाग जात नाही, म्हणून एक चित्र दोनदा दिसतं, पुढचं तीनदा, परत दोनदा. चाल लंगडी होते. इथे प्रत्येक चित्र अख्खं असतं, फक्त त्याचा मुक्काम कमीजास्त. हे दोन दोष एकाच नावाने हाका मारल्यामुळेच लोक चुकीची बटणं दाबत बसतात. व्हीसिंक लावलं तरी तुमचं अडखळणं जाणार नाही.

दोन बोटं मराठी

शब्दांचं झालं असेल तर सांगा, आईंचा लॅपटॉप बरा झाला का?

धागाकर्ती

झाला, आणि फुकटात.

तिच्याकडे रेघ फक्त पूर्ण पडदा केला की यायची, लहान खिडकीत नाही. त्यावरूनच दोष सापडला. सगळ्या खिडक्या एकत्र रचून मगच पडद्याकडे पाठवणारा कंपोझिटर नावाचा कारभारी असतो, तो व्हीसिंक पाळतो. पण एक्सएफसीईच्या विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये, कंपोझिटरच्या पानावर, पूर्ण पडद्याच्या खिडक्या थेट दाखवायची एक खूण असते. ती चालू असली की पूर्ण पडद्याला हा कारभारी बाजूला होतो आणि व्हिडिओ थेट आत. ती खूण काढली, रेघ गेली. कुणाकडे कंपोझिटिंगच बंद असेल तर आधी ते चालू करा.

त्यानेही भागलं नाही तर ड्रायव्हरच्या, म्हणजे ग्राफिक्सची चिप चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, पातळीवर जावं लागतं. लिनक्सवर पडदा सांभाळणारी जुनी व्यवस्था म्हणजे एक्स११, तिचा प्रोग्रॅम एक्सऑर्ग; नवी व्यवस्था वेलँड. इंटेलचा जुना एक्सऑर्ग ड्रायव्हर आणि एएमडीचा एएमडीजीपीयू, दोघांतही 'टेअरफ्री' नावाचा पर्याय आहे. एक्सऑर्गच्या सेटिंगच्या फाइलीत एक ओळ घालायची. एनव्हिडिया असेल तर त्यांच्या सेटिंगमधलं 'फोर्स कंपोझिशन पाइपलाइन'. आणि ज्यांच्याकडे एक्सएफसीईऐवजी नोम किंवा केडीई हा डेस्कटॉप आहे त्यांनी लॉगिनच्या वेळी एक्स११ ऐवजी वेलँड निवडून बघावं, आधी तेच. वेलँडची मांडणीच अर्धवट चित्र पडद्यावर जाऊ न देण्याच्या हिशेबाने केलेली आहे.

अडखळलेला

गेम खेळणारे तर व्हीसिंक मुद्दाम बंद करतात.

घोरपडीकर

म्हणजे सांधा चुकला तरी चालेल, पण गाडी थांबवू नका! असे प्रवासी आम्हीही पाहिलेत.

धागाकर्ती

तेच. फटीची वाट बघण्यात काही मिलिसेकंद जातात आणि नेम धरणाऱ्याला ते खटकतात. वेलँडमध्येही त्यांच्यासाठी नंतर वेगळी सूट ठेवली गेली. आईला नेम धरायचा नाहीये.

टाचणी

बरं, मग त्या 'टेअरफ्री'ला काय म्हणायचं? 'सांधामुक्त' म्हणाल तर गुडघ्याचं तेल वाटेल.

धागाकर्ती

हसून पुरेवाट. पण त्याचं उत्तर आईने न विचारता दिलं. खूण काढून झाल्यावर तेच रिंगण पुन्हा लावलं. अश्व आला, अख्खी फेरी मारून गेला. मी विचारलं, आता? म्हणाली, "आता सलग दिसतंय."

घोरपडीकर

सलग. झालं की. पर्यायाचं नाव 'सलग चित्र', खूण करा की चालू.

फ्लेक्सवाला

मंजूर. आणि दोषाला सांधा चुकणे, का तेही काकूंनाच विचारायचं?

धागाकर्ती

विचारलं. 'सांधा चुकणे' तिला पटलं, पण अजून 'कमरेतून सरकणं'च म्हणते. काल शेजारच्या काकूंना मोबाइलमधला तो खांबाचा फोटो दाखवून समजावत होती. त्या फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "अय्या, खांबालाही कंबर!"