बिळात लांडग्याची पिल्लं आहेत आणि गावात विष टाकायचं बोलणं चाललंय. काय करता येईल?

माळावरचा (नाशिक)
नमस्कार मंडळी. मी अंबडला कंपनीत कामाला आहे. शेती आणि आई-वडील सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात. आमच्या गावामागच्या माळावर, ओढ्याच्या घळीत लांडगीण व्यालीये. पिल्लं लांबून पाहिली. काळपट तपकिरी, कान अजून धड उभे नाहीत, बिळाच्या तोंडाशी एकमेकांच्या अंगावर लोळत होती. समोरच्या टेकाडावर मादी उभी होती. ओरडली नाही, पळाली नाही, नुसती माझ्यावर नजर ठेवून होती. मी आल्या वाटेने मागे फिरलो.

गेल्या पंधरवड्यात दोन घरच्या शेळ्या गेल्या. आता पारावर उघड बोलणं चालू आहे: मेलेल्या शेळीवर फवारणीचं औषध ओतून माळावर टाकायचं, नाहीतर बिळाच्या तोंडाशी पाला पेटवून वर दगड लावायचे. बोलणारे परके नाहीत, माझे चुलते आहेत. त्यांचं नुकसान खोटं नाही. पण डुकरांसाठी लावलेल्या क्लच वायरच्या फासकीत अडकलेला लांडगा मी पाहिलाय. वायर कमरेत रुतून मांस दिसत होतं, आणि आजूबाजूची माती त्याने पंजांनी वीतभर उकरली होती. तेच पुन्हा, तेही पिल्लांचं, मला बघवणार नाही. चुलत्यांशी वैर न घेता हे कसं थांबवू?

वाड्यावरची (नांदगाव)
दादा, सगळ्यात आधी एक करा. गावाचं नाव, घळीचा फोटो, लोकेशन कुठेही टाकू नका. कॅमेरेवाले गाड्या घेऊन येतील, मादी पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवेल आणि त्या पळापळीत पिल्लं जातील.

मी धनगराच्या घरची. लहानपण वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर गेलं. रात्री मेंढरं वाघरीच्या (जाळीच्या कुंपणाच्या) आत, कोकरं डालग्याखाली, चारी बाजूंनी कुत्री आणि माणूस जागा. तरी एखादं कोकरू जायचंच. आई दिवसभर बोलायची नाही, आणि वडील म्हणायचे, त्याचा वाटा गेला. विष घालायचा विचार आमच्याकडे कोणी केला नाही, कारण विष टाकलं की पहिली मरतात आपलीच कुत्री.

शेळ्या कधी गेल्या ते नीट विचारा. रात्री गोठ्यातून, की दिवसा चरताना? दिवसा गेल्या असतील तर लहान पोराच्या भरवशावर कळप सोडणं थांबवा. आणि मोकाट कुत्र्यांचं टोळकं आहे का तेही बघा. आमच्याकडे निम्म्या वेळा लांडग्याच्या नावावर कुत्र्यांचं पाप जातं.

शेळीपालक (येवला)
मी दुसऱ्या बाजूने बोलतो. गाभण शेळी गेली की घरातला वर्षाचा हिशोब कोलमडतो. भरपाईसाठी खेटे मारायचे आम्ही, आणि लांडगा वाचवा म्हणणारे शहरात. तुमच्या चुलत्यांना नुसतं समजावायला जाऊ नका, आधी त्यांचा अर्ज भरायला बसा. पैसे मिळतील याची खात्री पटली तर अर्धा राग तिथेच उतरेल.

काळा कोट (नाशिक रोड)
येवल्याचे भाऊ बरोबर बोलले. शेळी-मेंढी मारली गेली तर बाजारभावाच्या 75 टक्क्यांपर्यंत, ठरलेल्या कमाल मर्यादेत, भरपाई मिळते. घटना 48 तासांच्या आत वनखात्याला कळवायची आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही. बहुतेक अर्ज इथेच बाद होतात: माणूस शेळी पुरून मोकळा होतो, मग पुरावा काय दाखवणार? मोबाईलवर फोटो आधी काढून ठेवायला सांगा.

दुसरी गोष्ट चुलत्यांच्या कानावर एकांतात घाला, चारचौघांत नको. लांडगा 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. विष, फासकी, धूर, सगळं शिकारीतच मोडतं. शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. पिल्लं मारली तरी कलम तेच.

वनखात्याचा 1926 हा टोल फ्री नंबर आहे. तक्रार म्हणून नको, "गस्त घाला, शेळीवाल्यांची बैठक घ्या" अशी मागणी करा. त्यात कोणाचंच नाव घ्यावं लागत नाही.

निवृत्त गुरुजी (पंचवटी)
माझा मुलगा स्वीडनला असतो. तिथे सरकारच शिकारीचे परवाने देतं. 2023 च्या जानेवारीत साधारण 460 लांडग्यांपैकी 75 मारायची परवानगी होती, आणि 2024 ला अस्वलांसाठी 480 च्या वर. वाचून मन विषण्ण झालं. पण तिथे निदान मेलेल्या प्रत्येक जनावराची नोंद होते. आपल्याकडे शिकार बंद, म्हणून कागदावर कोणी मरतच नाही. मी मूळचा बुलढाण्याचा. तिथल्या ज्ञानगंगा अभयारण्याच्या बाजूला डुकराच्या फासकीत अस्वल सापडतं, आणि बातमी झाली तरच कळतं. देशभरात लांडगे उरलेत दोन-तीन हजार, म्हणजे वाघांपेक्षाही कमी. वाघासाठी प्रकल्प आहेत. लांडग्याचा माळ सरकारदरबारी "पडीक" म्हणून लागलेला असतो.

माळावरचा (नाशिक)
सगळ्यांचे मनापासून आभार. काल 1926 ला फोन केला, आज वनरक्षक दादा येऊन गेले. घळीकडे ते स्वतःही गेले नाहीत, हे मला फार बरं वाटलं. चुलत्यांनी शेळी आधीच पुरली होती, त्यामुळे ती भरपाई गेल्यातच जमा. दुसऱ्या घरचा पंचनामा झाला, अर्ज मी भरून दिला. चुलते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, पण औषधाची बाटली परत कोठीत गेली, हे आईने डोळ्यांनी पाहिलं.

रविवारी सकाळी मंदिरात शेळीवाल्यांची बैठक आहे. नांदगावच्या ताई, तुमचे वडील येऊ शकतील का? माझं कोणी ऐकणार नाही, मेंढरं राखलेल्या माणसाचं ऐकतील. गाडीची सोय मी करतो. आणि ज्यांना शिवारातल्या फासक्या काढायला यायचंय त्यांनी मला मेसेज करा, गावाचं नाव तिथेच सांगेन.