प्रीफेच लावल्यावर शेअर्ड मेमरी आणखी हळू का झाली?

एमई_कर्वेनगर
नमस्कार. प्रोजेक्टसाठी कॉलेजच्या लॅबमधली चार मशीन गिगाबिट स्विचवर जोडून डिस्ट्रिब्युटेड शेअर्ड मेमरी (सगळ्यांची मेमरी मिळून एकच दिसेल अशी) उभी केलीये. लिनक्सचं यूजरफॉल्टएफडी (हवं ते पान जवळ नसलं की येणारा फॉल्ट आपल्याच प्रोग्रॅममध्ये हाताळायची सोय), मेमरीचे 4 केबीचे तुकडे म्हणजे पानं, एका वेळी एकच लिहिणारा. ली-ह्युडाक यांच्या 1989 च्या पेपरमधलीच पद्धत. चाचणीला जॅकोबी (ग्रिडवरचा प्रत्येक आकडा दर फेरीत शेजारच्या आकड्यांवरून काढायचा), 2048 × 2048 डबल (8 बाइटचे आकडे), ओळींचे चार सलग पट्टे. फॉल्ट आला की ते पान धरून सलग 8 पानं आणतो, म्हणजे पुढची आधीच (प्रीफेच). वाचण्याचे फॉल्ट खूप कमी झाले, पण एकूण वेळ वाढला! कुठे बघू?

बाणेरकर
विंडो (एका वेळी आणायची पानं) 2 करून बघ. गिगाबिटवर 4 केबीचं पान तारेवरून जायलाच 33 मायक्रोसेकंद लागतात. नको ती पानं आणलीस की खर्च वाढणारच.

पाषाण_सिस्टिम्स
2 केलीस तर या ग्रिडला चालून जाईल, पण ओळीची लांबी बदलली की पुन्हा तेच. मूळ दुखणं बँडविड्थचं नाही.

तुझी एक ओळ 2048 × 8 बाइट, म्हणजे 16 केबी, म्हणजे 4 पानं. खालच्या शेजाऱ्याची फक्त पहिली ओळ तुला लागते. तू 8 पानं उचलतोस, म्हणजे त्याची दुसरी ओळही. ती तू वाचतच नाहीस, पण प्रत तुझ्याकडे गेल्यामुळे त्याचा लिहिण्याचा हक्क जातो. पुढे तो तिथे लिहायला गेला की राइट फॉल्ट, तुझी प्रत बाद करायचा निरोप, पोचेची वाट. स्वतःच्याच पानांवर लिहायला चारदा थांबायचं, आणि हे दर फेरीत. वरच्या शेजाऱ्याच्या बाबतीत असं होत नाही, कारण त्याच्या शेवटच्या ओळीनंतरची पानं तुझीच आहेत.

पडताळायचं तर राइट फॉल्ट मशीनवार मोज. पहिलं मशीन कोणाचाच खालचा शेजारी नाही, त्याचे वाढलेले नसतील. बाकी तिघांचे वाढलेले दिसतील.

रिमोट मेमरीवरचे (दुसऱ्या मशीनची मेमरी उसनी वापरण्यावरचे) पेपर वाचताना हा फरक मनात ठेव. लीप (2020) हे तिथलं प्रीफेचचं तंत्र अलीकडच्या अ‍ॅक्सेसमधल्या अंतरांचं बहुमत काढून पुढची पानं आणतं. तिथे अंदाज चुकला तर जागा आणि बँडविड्थ वाया जाते, बस. तुझ्याकडे चुकलेला अंदाज दुसऱ्याचं काम अडवतो. म्हणून इथे कमी पानं आणलेली परवडतात, चुकीची नाही.

मी तुझ्या जागी असते तर अंदाज पत्त्यावरून न करता बॅरियरवरून (फेरीअखेर सगळी मशीन एकमेकांसाठी थांबतात ती जागा) केला असता. बॅरियरनंतर ज्या पानांवर रीड फॉल्ट आला त्यांची यादी ठेवायची, आणि ती फेरी पुन्हा आली की सगळी एकाच निरोपात मागवायची. दोन अ‍ॅरे आलटून पालटून वापरत असशील तर सम-विषम फेऱ्यांच्या याद्या वेगळ्या. आणि बॅरियर ओलांडायच्या आधी मागू नकोस, शेजारी अजून लिहीत असतो.

एमई_कर्वेनगर
ताई, मोजलं. पहिल्याचे होते तेवढेच, तिघांचे वाढलेत! यादीचं आजच लिहायला घेतो. विरळ (बहुतेक शून्यंच असलेल्या) मॅट्रिक्सलाही हे चालेल का?

पाषाण_सिस्टिम्स
मॅट्रिक्सची रचना फेऱ्यांमध्ये बदलत नसेल तर उत्तम चालेल. उलट तिथे पहिल्या फेरीचीही वाट बघायला नको. कॉलम इंडेक्सचा (शून्य नसलेले आकडे कुठल्या कॉलमात आहेत त्याचा) अ‍ॅरे एकदा वाचून व्हेक्टरची कुठली पानं लागणार ते आधीच काढता येतं. ग्राफवर मात्र दर फेरीत वेगळे शिरोबिंदू जागे होत असतील तर जुनी यादी फसवेल. तिथे प्रीफेच बंद ठेवून आधी नुसती मोजणी कर.