मदत हवी आहे: घराच्या वाढीव बांधकामावर फायर डिस्ट्रिक्टची इम्पॅक्ट फी

मोगरा
नमस्कार. आम्ही अमेरिकेत राहतो. आईवडिलांसाठी घराच्या मागील बाजूस बांधकाम करायचे आहे. नकाशे मंजूर झाले आहेत, परंतु फायर डिस्ट्रिक्टची (परिसराची अग्निशमन सेवा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेची) इम्पॅक्ट फी, म्हणजे नव्या बांधकामावरील शुल्क, भरल्याशिवाय परमिट मिळणार नाही असे सांगण्यात आले. मालमत्ता कर आम्ही नियमित भरतो. मग ही वेगळी रक्कम कशासाठी, आणि ती टाळता येते का? ठेकेदार थांबून आहे, कृपया लवकर सांगावे.

रानवारा
राज्य कोणते, जागा शहराच्या हद्दीत आहे की काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या), क्षेत्रफळ किती, आणि या मूळ घराच्या वाढीव खोल्या आहेत की स्वतंत्र एडीयू (त्याच जागेवरील स्वतःचे स्वयंपाकघर असलेले दुय्यम छोटे घर), हे कळल्याशिवाय काहीही सांगणे कठीण आहे.

जुनी वीट
भरून मोकळे व्हा. आम्ही खोली वाढवली तेव्हा चौरस फुटांच्या हिशेबाने रक्कम भरली आणि काम वेळेत पूर्ण झाले. शिवाय स्प्रिंकलरचाही (आग लागल्यास छतातून पाणी फवारणाऱ्या यंत्रणेचा) विचार करा. कॅलिफोर्नियात 2011 पासून नव्या घरांना ते सक्तीचे आहेत.

रानवारा
स्प्रिंकलरविषयी कोणी विचारलेले नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार फायर डिस्ट्रिक्टच्या मंडळाला नव्या बांधकामावर अशी फी स्वतः लावता येत नाही. काउंटी किंवा शहर ती डिस्ट्रिक्टसाठी मंजूर करते. हा पैसा नव्या वस्तीमुळे लागणारी अग्निशमन केंद्रे आणि गाड्या यांसाठी असतो, पगारासाठी नव्हे. म्हणूनच तो मालमत्ता करापेक्षा वेगळा घेतात.

पायवाट
मुळीच भरू नका. 2024 मध्ये शीट्झ विरुद्ध एल डोराडो काउंटी या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी फी बेकायदा ठरवली आहे.

रानवारा
तसे ठरलेले नाही. फी कायदेमंडळाने लावली एवढ्याच कारणाने ती घटनात्मक कसोटीतून सुटत नाही, इतकेच न्यायालयाने सांगितले आणि प्रकरण परत पाठवले. तो वादही वाहतुकीच्या फीचा होता.

मोगरा
कॅलिफोर्निया, शहराबाहेर, काउंटीच्या हद्दीत. 720 चौरस फूट, घराला जोडून, स्वयंपाकघर आणि प्रवेशद्वार वेगळे. अर्जात मात्र ‘वाढीव बांधकाम’ अशी नोंद आहे.

रानवारा
हीच माहिती महत्त्वाची होती. 2020 पासून 750 चौरस फुटांपेक्षा लहान एडीयूवर इम्पॅक्ट फी लावता येत नाही, आणि हे बंधन डिस्ट्रिक्टवरही आहे. साध्या वाढीव खोल्यांना मात्र ही सूट लागू नाही. आधी अर्जातील नोंद एडीयू अशी बदलून घ्या. तोवर काम अडत असेल तर फी भरा, परंतु विरोधाची कारणे देणारी लेखी नोटीस 90 दिवसांच्या आत काउंटीकडे द्या. तशी नोटीस न देता भरलेली रक्कम परत मागणे फार अवघड जाते.

जुनी वीट
शाळांसाठी बांधकामावर घेतली जाणारी फीही विसरू नका. घरातील वाढ 500 चौरस फुटांहून अधिक असली की तीही लागते.

मोगरा
आभारी आहे. नोंद बदलल्यास नकाशे पुन्हा तपासणीला जातील का?

रानवारा
ते प्लॅन तपासणाऱ्यालाच विचारावे लागेल. त्या 720 मध्ये व्हरांडा धरला आहे का?