गोबरगॅसवर पॅलेडियम मेंब्रेन रिअ‍ॅक्टर: नळ्या टिकतील का?

गोशाळा_दर्यापूर
रोज साधारण २५० किलो शेण, त्यातून १० घनमीटर गोबरगॅस. मिथेन ६० टक्के, हायड्रोजन सल्फाइड १५०० पीपीएम. त्यातून हायड्रोजन काढायला मेंब्रेन रिअ‍ॅक्टरमध्ये पॅलेडियम-चांदीचा पातळ थर दिलेल्या, फक्त हायड्रोजन आरपार जाऊ देणाऱ्या नळ्या बसवायच्या आहेत. हायड्रोजन किती निघेल? नळ्या कशाने खराब होतात? पाणी बोअरचं, वीज दिवसातून दोन-तीनदा जाते.

निकेल_नागपूर
भाऊ, मिथेन ६ घनमीटर. तापलेल्या निकेल उत्प्रेरकावर वाफेने मिथेन फुटतं, एका मिथेनमागे चार हायड्रोजन, म्हणजे कागदावर २४ घनमीटर. थोडा गॅस भट्टीला जाईल, थोडा न फुटता निघेल. हाती १४ घनमीटर धरा, सव्वा किलो. साध्या रिफॉर्मरला (मिथेन फोडणाऱ्या भट्टीला) ८००-९०० अंश लागतात. इथे हायड्रोजन तयार होताच नळीतून निघून जातो, म्हणून ५००-५५० अंशांवर काम भागतं.

हायड्रोजन सल्फाइडमधलं गंधक मात्र आधी काढाच, नाहीतर पॅलेडियमचं सल्फाइड बनून थराला भेगा जातात. लेथच्या गंजलेल्या लोखंडी किसाचे दोन डबे एकामागे एक, त्यापुढे ३५० अंशांवर झिंक ऑक्साइड. पहिल्या डब्यानंतर लेड अ‍ॅसिटेटची पट्टी (हायड्रोजन सल्फाइड ओळखणारी) काळी पडली की कीस बदला. काढलेला कीस ओलाच ठेवा, कोरडा झाला तर हवेत आपोआप पेटतो.

वाफेसाठी खारपाणपट्ट्यातल्या पाण्याला नुसतं आरओ पुरत नाही. पुढे मिक्स्ड बेड रेझिन (उरलेले क्षार ओढून घेणारे मणी) लावा, वाहकता सेंटीमीटरला १ मायक्रोसीमेन्सच्या खाली आणा. पाण्यातलं क्लोराइड निकेल उत्प्रेरक मारतं. एका मिथेनला तीन वाफ, म्हणजे सगळ्या गॅसला रोज १४-१५ लिटर.

सील_आणि_व्हॉल्व्ह
मला सगळ्यात काळजी विजेची वाटते. पंप थांबला आणि गॅस चालू राहिला, तर वाफेवाचून निकेलवर काजळी बसते. शिवाय हायड्रोजन आत असताना नळी ३०० अंशांखाली गेली की पॅलेडियम फुगतं-आकसतं आणि तडकतं. चांदीमुळे धोका बराच कमी होतो, पण ५-१० मायक्रॉनच्या थरावर विसंबू नका. गॅसचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) वीज जाताच बंद होणारा, नायट्रोजनचा वीज जाताच उघडणारा घ्या. नायट्रोजनचं सिलिंडर कायम जोडलेलं हवं. पुन्हा सुरू करताना नायट्रोजनमध्येच मिनिटाला २ अंशांनी तापवा, मग वाफ, शेवटी गॅस.

गोशाळा_दर्यापूर
दाब १० बार ठेवला तर पुरेल?

निकेल_नागपूर
नळीच्या दोन्ही बाजूंच्या हायड्रोजनच्या दाबांच्या वर्गमुळांतला फरक हायड्रोजन ढकलतो. १० बारमध्ये हायड्रोजन २५ टक्के असेल तर २.५ बार, वर्गमूळ १.५८. पलीकडे १ बार असेल तर फरक ०.५८. तिथे व्हॅक्यूम पंपाने ०.२ बार केलात तर १.१३, जवळजवळ दुप्पट. त्या पंपाचा निकास शेडबाहेर, उंचावर सोडा. हवेत ४ टक्के हायड्रोजनही पेट घेतो आणि उजेडात ज्योत दिसत नाही.