तुटलेल्या नर्व्हला स्टेम सेलची इंजेक्शनं, घ्यावीत का?

रानपाखरू: धाकट्या भावाच्या मनगटाला काच लागली आणि अल्नर नर्व्ह (करंगळीकडे जाणारी मज्जातंतूंची दोरी) पूर्ण तुटली, करंगळी बधिर आहे, बोटं फाकवता येत नाहीत. सर्जन म्हणतात दोन टोकांत गॅप आहे, पायातली नर्व्ह काढून तिथे जोडावी लागेल. घरचे म्हणतात धडधाकट पायाला कशाला हात लावायचा, त्यात एका क्लिनिकवाल्याने सांगितलंय की ऑपरेशनच नको, स्टेम सेलची (इतर प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींची) इंजेक्शनं देतो, आपोआप जुळून येईल. रेशमाच्या, कोळंबीच्या कवचाच्या नळ्या गॅपमध्ये बसवतात असंही वाचलं. यातलं खरं किती?

पेट्रीडिश: याच विषयावर लॅबमध्ये काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते. नर्व्ह तुटली की तुटल्या जागेपुढचे तंतू मरतात पण तिथल्या श्वान (Schwann) पेशी, म्हणजे तंतूंना वेढून आधार देणाऱ्या पेशी, जिवंत राहतात, कचरा साफ करतात आणि रांगेत उभ्या राहून वाट तयार ठेवतात, मग वरच्या टोकातून नवे तंतू दिवसाला साधारण १ मिमी वेगाने वाढत येतात. मध्ये गॅप असला तर ते भरकटतात, गाठ होते. दोन्ही टोकं आत बसवायची नळी त्यासाठीच, कोलॅजेन या प्रथिनाची, रेशमातल्या फायब्रोइनची किंवा कवचातल्या कायटोसानची, हळूहळू विरघळून जाते. कोलॅजेनच्या नळ्यांना अमेरिकेत २००१ पासूनच मान्यता आहे, म्हणजे हे काही हवेतलं नाही. पण साधारण ३ सेंमीच्या वर रिकामी नळी पुरत नाही. स्टेम सेलचा विचार तिथे सुरू होतो. चरबीतून किंवा अस्थिमज्जेतून काढलेल्या पेशी नळीत भरायच्या, त्या स्वतः नर्व्ह बनत नाहीत बरं का, वाढीला लागणारे घटक सोडतात. अडचण ही की बऱ्याचशा पेशी लवकरच मरून जातात, आणि चांगले रिझल्ट बहुतेक उंदरांवरचे आहेत, तेही १० मिमीच्या गॅपवर. उंदराची नर्व्ह एरवीही झकास वाढते!

दोरातुटला: म्हणजे सगळं थोतांडच की.

पेट्रीडिश: थोतांड नाही हो, संशोधन चालू आहे. पण टोकं न जोडता नुसतं इंजेक्शन टोचून तुटलेली नर्व्ह जुळते याला काही आधार नाही.

हातफिजिओ: रानपाखरू, इथे खरा प्रश्न वेळेचा आहे. स्नायूला नर्व्हचा सिग्नल वर्ष-दीड वर्ष मिळाला नाही तर नंतर तंतू पोचले तरी तो नीट उठत नाही, आणि १ मिमीच्या वेगाने मनगटापासून तळहातातल्या स्नायूंपर्यंत पोचायलाच काही महिने जातात. इंजेक्शनं करत बसलात तर तेवढा वेळ गेला. पायातली सुरल नर्व्ह फक्त संवेदनेची असते, काढली की पावलाची बाहेरची कड बधिर होते, चालण्यावर परिणाम नाही. अल्नर जाड आणि स्नायू चालवणारी, तिथे बहुतेक सर्जन नळीपेक्षा ग्राफ्टच, म्हणजे दुसरीकडची नर्व्ह काढून जोडणंच, पसंत करतात. क्लिनिकवाल्याला एवढंच विचारा, ही नोंदणी झालेली ट्रायल, म्हणजे रुग्णांवरची संशोधन चाचणी, आहे का, आणि ट्रायल असेल तर पैसे कसले घेता?

रानपाखरू: धन्यवाद दोघांनाही, घरच्यांना हेच वाचून दाखवतो. ऑपरेशननंतर नर्व्ह वाढतेय हे कळणार कसं?

हातफिजिओ: नर्व्हच्या रेषेवर बोटाने हलकेच टकटक करायचं, नवे तंतू जिथपर्यंत आलेत तिथे झिणझिण्या येतात. दर महिन्याला ती जागा बोटांकडे सरकली पाहिजे. महिनोन्‌महिने एकाच जागी अडकली तर सर्जनना दाखवा. आणि बधिर करंगळी गरम भांड्यापासून जपा, भाजलेलं कळणार नाही त्याला.