मदत हवी आहे: पडवीत नवीन बाथरूम, घरभर गटाराचा वास

नमस्कार मंडळी,

गुहागरजवळ आमचं जुनं चिरेबंदी, कौलारू घर आहे. सासूबाईंना रात्री अंगणापलीकडच्या संडासात जाणं जमेना, म्हणून मे महिन्यात मागच्या पडवीचा कोपरा अडवून आतच संडास-बाथरूम बांधून घेतलं. काम दिसायला झकास. पण जूनपासून वास सुरू झालाय. रात्रभर दार बंद राहिलं की पहाटे नुसता भपकारा, आणि एक्झॉस्ट पंखा लावला की वास कमी व्हायचा तर उलट वाढतो! सासूबाई रोज ऐकवतात, "आमच्या न्हाणीला कधी वास नव्हता गो." नसणारच. त्या न्हाणीचं पाणी पन्हळीतून थेट माडाच्या आळ्यात जायचं.

आता कमोडचा चार इंची पाइप मागच्या चेंबरला, तिथून सेप्टिक टँक आणि पुढे शोषखड्डा. न्हाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचा, पाणी धरून ठेवणारा भाग) आणि बेसिनचं पाणीही त्याच चेंबरमध्ये सोडलंय. कंत्राटदार म्हणाला, "वहिनी, नवीन काम आहे, महिनाभरात जाईल वास." महिना झाला, आता फोन उचलत नाही. फिनेल ओतून झालं, अ‍ॅसिड ओतून झालं. अजून एक, फ्लश केला की न्हाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो.

गणपतीला वीस-पंचवीस माणसं येणार. फरशी फोडावी लागेल का?

प्रतिसाद: ताई, फरशीला हात लावू नका, आणि अ‍ॅसिड तर आधी बंद करा. टाकीतले मैला कुजवणारे जिवाणू मेले तर वेगळंच दुखणं मागे लागेल. वास अडवतं ते ट्रॅपमध्ये साठलेलं जेमतेम दोन इंच पाणी. बाकी सगळं उघडंच. आधी चोर शोधा. पहिल्या रात्री न्हाणीच्या जाळीवर पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी ठेवा, नीट बसते. दुसऱ्या रात्री ती काढून बेसिनखाली पाइप भिंतीत जातो तिथे चिकटपट्टी. तिसऱ्या रात्री कमोडच्या बुडाभोवती. ज्या सकाळी वास नाही, तिथे गडबड. पंख्याचं म्हणाल तर तो खोलीतली हवा बाहेर फेकतो, तेवढी आत यायला हवी. दारं-खिडक्या बंद असल्या की ती पाइपातूनच येणार.

प्रतिसाद: गुडगुड आवाज म्हणजे व्हेंट पाइपचा, म्हणजे गटाराच्या पाइपाला हवा मिळावी म्हणून वर काढलेल्या पाइपाचा घोळ. फ्लशचं पाणी पाइपातून जोरात जाताना मागून हवा ओढतं. वरून हवा मिळाली नाही तर ट्रॅपमधलं पाणीच खेचून नेतं. व्हेंट कुठे काढलाय ते बघा. आणि टाकीचं झाकण उघडून वाकून बघू नका, जवळ काडी ओढू नका. आत मिथेन असतो, हायड्रोजन सल्फाइड असतो. त्या दुसऱ्याचा, तो कमी असताना, सडक्या अंड्यासारखा वास येतो, फार झाला की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं.

धागाकर्ती: तीन रात्री पहारा दिला. पहिल्या सकाळी वास थोडाच कमी. दुसऱ्या सकाळी जवळजवळ नाहीच! बेसिनखाली वाकून पाहिलं तर नागमोडी प्लास्टिकचा पाइप भिंतीतल्या मोठ्या पाइपात नुसता खुपसलेला. भोवती पांढरं सिमेंट लिंपलेलं, तेही तडकलेलं. माझी करंगळी आरपार गेली. बॉटल ट्रॅपचा (बेसिनखालचा, पाणी धरून ठेवणारा बाटलीसारखा भाग) पत्ताच नाही. सध्या सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून बांधलाय. वास बारा आणे गेला.

उरलेले चार आणे व्हेंटचे. कौलं काढायचा कंटाळा म्हणून गवंड्याने तो पाइप पडवीच्या पागोळीखालीच संपवलाय. कौलांच्या फटींतून वास आत येतो. कौलांतून पाइप काढून न गळता टिकवलाय का कुणी? आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे.

प्रतिसाद: कौलाला भोक पाडूच नका, जन्मभर गळेल. भिंतीबाहेरून न्या, पागोळीच्या पुढे काढून सरळ वर, छपराच्या वर हात-दोन हात, खिडकीपासून लांब. वर जाळीची टोपी बसवा, नाहीतर डासांची सोय. पाइप भिंतीला पट्ट्यांनी नीट आवळा, वारा हलवतो. बेसिनला बॉटल ट्रॅप आणि भिंतीत रबरी वायसर. आणि घर बंद करून मुंबईला गेलात तर परतल्यावर आधी प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता. ट्रॅप सुकले की पुन्हा हेच.

धागाकर्ती: खूप धन्यवाद सगळ्यांना. दुसरा गवंडी गाठलाय, सोमवारी येतो म्हणालाय. कुठल्या सोमवारी, ते मात्र सांगितलं नाही.